झोळीचे कॅराबिनर

"ही झोळी आहे की झुलता पूल?" दयादादांनी विचारलं.

मी उत्तर दिलं नाही, कारण मी तोंडात नायलॉनची पट्टी धरली होती. दोन हिरड्याच्या झाडांमध्ये मी जाईची झोळी बांधत होते. झोळीला सासूबाईंचं जुनं सुती लुगडं, पण ते टांगायला मात्र आमच्या चढाईचं सामान. प्रत्येक झाडाला दोन-दोन पट्ट्यांचे वेढे, त्यात स्क्रूवाले कॅराबिनर, म्हणजे आमच्या त्या लोखंडी कड्या, आणि एक पट्टी सुटलीच तर दुसरी भार घेईल अशी सोय. वर फांदीलाही एक जादा. दहा महिन्यांच्या पोरीचं वजन ते किती! त्या झोळीत बैल झोपला असता.

"अगं, मी बांधली असती की एका गाठीत," सासूबाई म्हणाल्या. "श्रीला वाढवलाय मी तशाच झोळीत. शेजारी गिरणीचा पट्टा धडधडत असायचा."

"राहू दे आई, मी करते."

"कर बाई. तुझं समाधान होऊ दे."

सासूबाईंची सिन्नरला पिठाची गिरणी होती. पंचवीसेक वर्षं त्यांनी ती एकटीने चालवली. त्यांचं बोलणं कायम जरा मोठ्याने, कारण गिरणीच्या आवाजावरून बोलायची सवय. त्या आमच्याबरोबर डोंगरात येण्याची ही पहिलीच वेळ. जाई अंगावर पीत होती, म्हणून मी तिला सोडून येऊ शकत नव्हते. आणि मला घरी राहायचं नव्हतं. "मग मी येते, पोरीला बघते," असं सासूबाई परस्पर जाहीर करून मोकळ्या झाल्या. पिशवीत ठेपले, लिंबाचं लोणचं आणि थर्मासभर चहा घेऊन त्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसल्या. दयादादांसारखा माणूस, ज्याच्या शब्दाबाहेर आमचा अख्खा ग्रुप जात नसे, तो मुकाट मागे जाऊन बसला.

आमच्यासमोर लाटण्या उभा होता. लाटणं उभं रोवावं तसा गोल, उंच, एकट्याने उभा राहिलेला काळा सुळका. लग्नाच्या आधी दयादादांबरोबर श्रीरंग आणि मी तिथे आलो होतो. पहिला टप्पा मी चढले, वरच्या खाचेपर्यंत. त्यानंतर दुसऱ्या टप्प्यात कातळ पोट काढून बाहेर येतो. तिथे माझा हात सुटला, मी दोराला लोंबकळले, आणि अंधार व्हायच्या आत आम्हाला उतरावं लागलं. तो बाहेर आलेला कातळ पुढे कितीतरी वेळा माझ्या स्वप्नात आला. बाळंतपणाच्या खोलीतसुद्धा कळा येत असताना मी त्यावर कुठे पाय ठेवायचा ते ठरवत होते. नर्सला वाटलं मी देवाचं नाव घेतेय.

जाई झाल्यावर महिना-दीड महिन्यातच श्रीरंग पुन्हा डोंगरात जायला लागला. मी गेले नाही. मला कुणी नको म्हटलं नव्हतं, हे आधीच सांगते. सगळे फार चांगले वागत होते. "तू बेस सांभाळ," एवढंच म्हणायचे. बेस म्हणजे पायथा. तिथे बसायचं, सामान राखायचं, वरच्यांनी मागितलं की दोराला बांधून पाठवायचं, चहा करायचा. एकदा झालं, दोनदा झालं, आणि मग ते माझं कामच होऊन बसलं. कोण आधी चढणार, कोण मागून येणार याची चर्चा माझ्यासमोर व्हायची आणि कुणाची मान माझ्याकडे वळायचीसुद्धा नाही. श्रीरंगचीही नाही. मला मनातून इतका राग यायचा की चहात साखर दुप्पट पडायची.

मला लाटण्या चढायचा होता, तोही दोराच्या पुढच्या टोकाला राहून, सगळ्यांच्या आधी. आणि हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

त्या दिवशी मी सकाळीच कमरेला दोर बांधायचा हार्नेस चढवला होता. चढाईचे बूटही आणले होते, जाईच्या लंगोटांच्या पिशवीत, अगदी तळाशी. कुणी विचारलं असतं तर चुकून आले म्हणणार होते.

दयादादांनी कातळाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. हा आमचा शिरस्ता. ज्याच्या अंगावर चढायचं त्याला आधी नमस्कार करायचा. मग श्रीरंगने जाईचा मुका घेतला, माझ्याकडे बघून "येतो गं" म्हटलं आणि कातळाला हात घातला. दयादादा खालून त्याचा दोर सांभाळत होते. मी जाईला पाजलं, झोळीत टाकलं, झोका दिला. श्रीरंग खाचेत पोचला, मागून दयादादा पोचले, तोवर जाई गाढ झोपली होती. दोघं खाचेच्या कडेशी आले की दिसत होते. सात-आठ मजली इमारतीच्या गच्चीवरून कुणी बोलावं तसे त्यांचे आवाज येत होते.

थोड्या वेळाने वरची कुजबुज वाढली. मग श्रीरंगची हाक आली.

"ऊर्मी! पट्ट्या आणि स्क्रूवाले कॅराबिनर कुठे ठेवलेस?"

"निळ्या पिशवीत!"

"निळ्या पिशवीत दोनच आहेत! बाकीचे?"

दुसऱ्या टप्प्यात जुने बोल्ट आहेत, कुणीतरी पूर्वी ठोकलेले. प्रत्येक बोल्टात कडी आणि पट्टी अडकवून त्यातून दोर न्यायचा, म्हणजे हात सुटला तरी माणूस फार खाली पडत नाही. त्या टप्प्यासाठी लागणारं सगळं मी आदल्या दिवशी स्वतः निवडून वेगळं काढलं होतं. सगळ्यात चांगल्या, सगळ्यात भरवशाच्या कड्या.

मी निळी पिशवी आठवली. मग हळूच मान वळवून झोळीकडे बघितलं.

सगळ्यात चांगल्या, सगळ्यात भरवशाच्या कड्यांवर माझी लेक तोंड उघडं टाकून झोपली होती.

"सापडले का?" वरून आवाज.

"सापडले!"

"कुठे होते?"

सासूबाईंनी थर्मासचं झाकण खाली ठेवलं आणि त्यांच्या गिरणीच्या आवाजात वर ओरडून सांगितलं, "तुझ्या पोरीला टांगलंय त्यांच्यावर!"

वरून दयादादांचं हसणं ऐकू आलं. तो माणूस मी फार क्वचित हसताना बघितला होता, आणि आता त्यांचा आवाज कातळावर आपटून तिकडून परत येत होता. "मी म्हणालो होतो! झुलता पूल!"

"खाली दोर सोडतो," श्रीरंग ओरडला. तोही हसत होता. "सामान बांधून पाठव. पोरीला उठवू नकोस म्हणजे झालं."

आता मोठंच काम होतं. सासूबाई झोळीखाली हात घालून उभ्या राहिल्या. पोरीचा भार त्यांनी दोन्ही हातांवर तोलला आणि मी एकेक स्क्रू फिरवून कड्या काढायला लागले. बॉम्ब निकामी करताना करतात तशा नाजूक हाताने. जाईने एकदा ओठ चाटले. आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या. तिने पुन्हा घोरायला सुरुवात केली. मग मी पोरीला धरलं आणि सासूबाईंनी लुगड्याचं टोक फांदीवरून टाकून एक गाठ मारली, दुसऱ्या बाजूला दुसरी.

"आता लोंबकळून बघ तू," त्या म्हणाल्या. "बघितल्याशिवाय तुला चैन पडायचं नाही."

मी गाठ दाबून बघितली. जोर लावून बघितली. त्या बघत असताना लाज वाटली, तरी बघितली.

"पास?"

"पास."

वरून दोर सळसळत आला आणि त्याचं टोक माझ्या पायाशी पडलं. मी ते उचललं. माझ्या हातात एकीकडे कड्यांचा जुडगा, दुसरीकडे दोर. आणि मी नुसती उभी.

"काय गं?" सासूबाई म्हणाल्या.

"काही नाही."

"आल्यापासून ते पट्टे कमरेला आवळून बसलीयस. चहा करतानासुद्धा सोडले नाहीस. कशाला?"

"सवय."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. पिठात खडा आहे का ते बघावं तसं. मग झोळीजवळच्या दगडावर जाऊन बसल्या, झोळीची कड हातात धरली आणि हळू झोका द्यायला लागल्या. म्हणाल्या काहीच नाहीत. जा म्हणाल्या असत्या तर कदाचित मी गेलेही नसते. कुणी परवानगी दिली म्हणून जायचं, असा माझा स्वभाव नाही.

मी लंगोटांची पिशवी उलटी केली.

"ऊर्मी! बांधलंस का?"

"एक मिनिट!"

बूट घातले. कड्या आणि पट्ट्या एकेक करून हार्नेसला अडकवल्या. दोराची गाठ मारली. ती बोटांना पाठ होती. गाठ दोनदा बघितली.

"बांधलंय!" मी ओरडले.

दोर ताणला गेला. माझ्या कमरेला हिसका बसला. दोर पुन्हा ताणला गेला, थांबला. वर दोघांची खटपट चालली होती.

"अडकलंय का कुठे?"

"नाही!"

"मग येत का नाही? काय बांधलंयस एवढं जड?"

"मला!"

श्रीरंगचं डोकं खाचेच्या कडेवरून बाहेर आलं. त्याने खाली बघितलं. मी हात हलवला.

"असं धान्याच्या पोत्यासारखं ओढू नका," मी म्हणाले. "दोर नीट अडकवा, मला सांभाळा, मी चढते."

मागे सासूबाई खुदुखुदु हसत होत्या. वर पुन्हा कुजबुज झाली, यावेळी बरीच लांब. शेवटी दयादादांचा आवाज आला, अगदी कवायतीचा. "दोर तयार. ये."

पहिले दहा-बारा फूट मी कशी चढले ते विचारू नका. पोट मध्ये येत होतं. पाय शिवणयंत्राच्या सुईसारखे थडथडत होते. पूर्वी ज्या कपारीत मी सहज गुडघा घालायचे तिथे गुडघा जाईना. दम लागला, घाम डोळ्यांत गेला, आणि मला एकाएकी इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले. कातळ सकाळच्या उन्हाने कोमट झाला होता. त्याचा तो वास, गवताचा, दगडाचा. मी त्याला गाल लावला. लावला म्हणजे लावलाच, खोटं कशाला सांगू.

खाचेत पोचले तेव्हा दयादादा गंभीर चेहरा करून उभे होते.

"कोण म्हणालं तुला चढायला?"

"दोर तुम्हीच सोडलात."

"सामानासाठी सोडला."

"सामान आणलंय की." मी कड्या खुळखुळवून दाखवल्या. "आणि पुढचा टप्पा मी जाते. पहिली."

दादांनी श्रीरंगकडे बघितलं. श्रीरंग माझ्याकडे बघत होता.

"ऊर्मिला, ऐक," दादा म्हणाले. आवाज मऊ केला होता, त्याचाच मला जास्त त्रास होतो. "तू चांगली चढतेस, त्यात वाद नाही. पण तो भाग सोपा नाही. आणि आता तू..."

"आता मी काय?"

"आई आहेस. खाली लेकरू आहे."

"दादा," श्रीरंग म्हणाला, "मीपण बाप आहे. सकाळपासून मी पुढे चढतोय. मला कुणीच काही म्हणालं नाही." हे वाक्य त्याला त्याच क्षणी सुचलं होतं. ते ऐकून तो स्वतःच चपापल्यासारखा दिसला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "आणि मीही तुला विचारलं नाही."

"आता विचार."

"जातेस का?"

"जाते."

त्याने आपल्या हार्नेसची गाठ सोडली आणि दोराचं पुढचं टोक माझ्या हातात दिलं. दादांनी माझी गाठ हात लावून तपासली, खांद्यावर एक थाप मारली. "डाव्या हाताला पकड आहे, वर, कोपऱ्यात," ते म्हणाले. "मागच्या वेळी तू ती बघितलीच नव्हतीस."

पहिला बोल्ट, कडी, पट्टी, दोर. दुसरा बोल्ट. तिसरा. मग कातळाचं ते पोट आलं, डोक्यावरून बाहेर झेपावलेलं. मी त्याखाली आक्रसून उभी राहिले. दोन बोटं मावतील एवढ्या भेगेत उजवा हात, आणि डावा हात वर कोपऱ्यात ती पकड चाचपतोय.

आणि खाली जाई उठली.

तिचं रडणं मी कुठेही ओळखलं असतं. आधी एक हुंकार, मग थोडं थांबून तपास, आई आलीय का, आणि मग भोंगा. माझं दूध तिथेच वाहायला लागलं. कातळावर, दोन बोटांवर लटकलेली मी, आणि शर्ट पुढून ओलाचिंब. शरीर अशा वेळी आपल्याला विचारत नाही. माझा डावा हात पकड शोधायचा थांबला. खाली उतरावं, मला वाटलं. आत्ता "दोर ताण" म्हटलं की श्रीरंग मला खाली घेईल. कुणी काही बोलणार नाही. उलट सगळे चांगलंच बोलतील.

"ऊर्मिला!" सासूबाईंचा आवाज. गिरणीवरचा, पूर्ण ताकदीचा. "ती रडतेय, म्हणजे ठणठणीत आहे! भूक लागलीय, दुसरं काही नाही! मी घेतलंय तिला! तू वर बघ!"

मी रडत होते बहुतेक. वर बघितलं. डावी पकड तिथेच होती, दादा म्हणाले तिथेच, कोपऱ्यात, पूर्ण हात बसेल अशी. मी ती धरली. पाय सुटले, हवेत गेले, खाली दादा काहीतरी ओरडले. मी उजवा पाय कमरेपर्यंत उचलला, कातळाच्या ओठावर टाच अडकवली, आणि ज्या पोटाने दहा महिन्यांपूर्वी पोर बाहेर ढकलली होती त्याच पोटाचा जोर लावून स्वतःला वर ढकललं.

पुढचं सोपं होतं. माथा जेवायच्या टेबलाएवढा. थोडं गवत, एक गंजकी मेख, दोन दगड. मी दोर पक्का केला आणि बसले.

खाली धरणाचं पाणी चकाकत होतं. एक घार माझ्या खाली फिरत होती, तिची पाठ मला दिसत होती. वारा थंड होता आणि ओला शर्ट अंगाला चिकटला होता. मी तशीच बसून राहिले.

मग श्रीरंग आणि दादा वर आले. दादांनी गर्जना केली, आम्ही तिघांनी मिळून जय म्हटलं, आणि खालून सासूबाईंचा जयजयकार आला तो आमच्या तिघांपेक्षा मोठा होता. श्रीरंगने मला घट्ट मिठी मारली आणि मग शर्टाकडे बघून म्हणाला, "पाऊस पडला का इथे?" मी त्याला कोपर मारलं. जाई आता सहावीत आहे, हा विनोद तो अजून करतो. जाईला स्वतःला उंचीची भीती वाटते. ती गच्चीच्या कठड्याजवळ जात नाही आणि आम्हा दोघांना वेडं समजते.

आम्ही दोराने उतरलो. मी सगळ्यात आधी. जमिनीला पाय लागताच हार्नेससकट पळत गेले आणि जाईला घेतलं. हात मातीने भरलेले, नखं फुटलेली. तिने माझ्याकडे अतिशय रागाने बघितलं, मग सगळं विसरून प्यायला लागली. सासूबाईंनी माझ्यापुढे चहा ठेवला. बाकीचे दोघं वरून दोर ओढून घेत होते, त्यांना आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

"काय केलंस गं वर?" त्यांनी विचारलं. "बराच वेळ आवाज नव्हता तुझा. मी म्हटलं झोपली की काय."

"नुसती बसले होते."

"हिचं रडं ऐकू येत होतं का तिथे?"

मी काय सांगावं याचा विचार केला. हो म्हणणं सोपं होतं. तिच्यासाठी जीव तुटत होता म्हणणं आणखी सोपं. पण त्या सकाळी मला खोटं बोलवेना.

"आई, खरं सांगू? वर पोचल्यावर मी विसरलेच होते."

"काय?"

"जाई. मला मूल आहे हेच. थोडा वेळ, अगदी थोडा वेळ, पण डोक्यात नव्हतंच. घार बघत होते. श्रीरंगचा आवाज आला तेव्हा एकदम आठवलं."

बोलून झाल्यावर मला भीती वाटली. त्यांनी जाईच्या पायातला सुटलेला मोजा वर चढवला आणि तिचा तो इवलासा पाय तसाच तळहातात धरून ठेवला.

"श्री झाल्यापासून मी एकदाही विसरले नाही," त्या म्हणाल्या. "दळण दळताना नाही, झोपेत नाही, देवळात नाही. तो चाळिशीला आला तरी नाही. कसं वाटतं गं?"

"छान वाटतं, आई." माझे डोळे भरून आले. "फार छान वाटतं. आणि मग आठवतं, तेही छान वाटतं."

त्यांनी मान हलवली. लाटण्याच्या टोकाकडे बघितलं, डोळ्यांवर हात धरून, बराच वेळ. मग पदराने जाईच्या हनुवटीवरचं दूध पुसलं.

"पुढच्या वेळी जरा जास्त वेळ विसर," त्या म्हणाल्या. "लक्षात ठेवायला मी आहे इथे."